अनाब-ए-शाहीची व्हाइट वाइन घरी जमेल का?

ऐरोलीकर:
दिंडोरीजवळ मामाच्या बागेत अनाब-ए-शाही द्राक्षांची एक जुनी ओळ अजून उभी आहे. बाकी सगळी थॉमसन आणि सोनाका, दोन्ही बिनबियांची. ही आजोबांनी लावलेली, म्हणून मामा काढत नाही. मोठे लांबट मणी, आत बिया, त्यामुळे बाजारात कुणी विचारत नाही. यंदा दोन क्रेट माझ्याकडे येणार आहेत. ब्रिक्स (म्हणजे रसातल्या साखरेचं माप, साधारण टक्क्यांत) सध्या १५. अजून पिकू द्यावीत का? साखर किती घालू? घर चौथ्या मजल्यावर, पश्चिमेचं ऊन, एसी फक्त बेडरूमला.

सेक्टर१९:
आधी परवान्याचं बघा. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, घरापुरती केली तरी.

नौपाड्याचा केमिस्ट:
परवान्याचं खरंच विचारून घ्या. बाकी साखरेची काळजी सोडा, ती वाण्याकडे मिळते. लिटरमागे १७ ग्रॅम साखरेतून साधारण १ टक्का अल्कोहोल होतं. १५ ब्रिक्सला साडेआठच्या आसपास जाईल. ११ हवं असेल तर लिटरला ४०-४५ ग्रॅम घाला, झालं.

खरी अडचण आंबटपणाची. वेलीवर ठेवलीत तर साखर थोडी चढेल, पण उन्हाने आम्ल भराभर उतरतं आणि वाइन मिळमिळीत होते. मी तरी आत्ताच काढायला सांगेन, तेही पहाटे. पीएच ३.४च्या वर गेला (पीएच वाढला म्हणजे आंबटपणा कमी झाला) तर टार्टारिक ॲसिड, म्हणजे द्राक्षातलंच आम्ल, घाला, लिंबू पिळत बसू नका. मामांना हेही विचारा, भुरीसाठी (पांढऱ्या बुरशीच्या रोगासाठी) गंधक शेवटचं कधी मारलं? घडांवर ते राहिलं की आंबताना कुजक्या अंड्याचा वास सुटतो.

मिक्सर अजिबात नको, बिया फुटून कडवटपणा येतो. मणी हाताने चुरडा, मलमलीतून पिळा. पिळल्या पिळल्या १० लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घाला, म्हणजे रस खराब होत नाही (सल्फाइटचा दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो, त्यांना ही वाइन देऊ नका). रस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वरचा नितळ रस नळीने काढून घ्या, मग यीस्ट. ईसी-१११८ हे वाइनचं यीस्ट उत्तम. पावाच्या यीस्टनेही आंबेल, पण मग चवीबद्दल मला विचारू नका.

आंबताना १५ ते १८ अंश हवेत. म्हणजे एक तर बेडरूमचा एसी १८वर लावून घरच्यांशी भांडायचं, नाहीतर बरणी पाण्याच्या टबात ठेवून सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या बाटल्या बदलायच्या. ओट्यावर ठेवलीत तर आपल्याकडच्या मार्चमध्ये चार-पाच दिवसांत सगळं उरकेल आणि होता-नव्हता तो सुगंध जाईल. झाकण घट्ट लावू नका, एअरलॉक लावा, म्हणजे आतला वायू बाहेर जातो पण हवा आत येत नाही.

आणि या द्राक्षाला स्वतःचा वास फारसा नाही, हे धरूनच चाला. सॉव्हिन्यों ब्लांकसारख्या सुवासिक वाइनच्या द्राक्षाशी तुलना करू नका.

कोपरखैरण्याची ताई:
वासासाठी पन्नीर द्राक्षं मिसळली तर? वाशीच्या फळबाजारात शोधीन म्हणते.

नौपाड्याचा केमिस्ट:
ताई, छान सुचवलंत. पन्नीर म्हणजे मस्कट हॅम्बर्ग. साल काळी, पण गर फिकट. पिळून साली लगेच टाकल्या तर रंग जेमतेम गुलाबीसर येतो. दहा किलोला एक किलो पुरे, जास्त घातलीत तर अत्तर प्यावं लागेल.

ऐरोलीकर:
मामा म्हणतो, मणी भरल्यापासून त्या ओळीवर गंधक मारलेलंच नाही. रविवारी पहाटे काढतोय. आंबणं संपलं हे कसं कळेल?

नौपाड्याचा केमिस्ट:
बुडबुड्यांवर जाऊ नका. हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी नळी; साखर संपत जाते तसा आकडा उतरतो) ०.९९५च्या आसपास येऊन दोन-तीन दिवस जागचा हलला नाही की संपलं. मग गाळावरून काढा, पुन्हा थोडं सल्फाइट घाला आणि बाटल्या गळ्यापर्यंत भरा. वर हवा राहिली तर रंग तांबूस पडतो.