नेव्हिन्सनने शैली बदलली म्हणून तो चित्रकार म्हणून घसरला का?

धागाकर्ता :
ब्रिटिश चित्रकार सी. आर. डब्ल्यू. नेव्हिन्सन (१८८९–१९४६) याची कला ‘ला मित्राय्यूज’ (मशीनगन, १९१५) या टोकदार कोनांत रंगवलेल्या चित्रानंतर, म्हणजे ती शैली सोडून साधे चित्रण करू लागल्यावर, उतरणीला लागली, असे सर्रास लिहिले जाते आणि ते मला मुळीच पटत नाही. १९१४ मध्ये इटालियन कवी मारिनेत्ती याच्याबरोबर जाहीरनामा काढून यंत्र आणि वेग यांचे गोडवे गाणारा हा तरुण त्याच वर्षाअखेरीस क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या रुग्णवाहिका पथकातून फ्रान्समधील डंकर्कला गेला आणि तिथल्या रेल्वेच्या शेडमध्ये बेवारस टाकलेल्या फ्रेंच जखमींची शुश्रूषा करू लागला. १९१७ चे ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ पाहावे : काटेरी तारांलगत चिखलात पालथे पडलेले दोन ब्रिटिश सैनिक, गणवेशालाही चिखलाचाच रंग. इथे त्याने जुने टोकदार कोन वापरले असते, तर नजर प्रेतांवरून कारागिरीकडे गेली असती.

पहिला प्रतिसाद :
असहमत. ‘ला मित्राय्यूज’मधील मशीनगनवाल्यांचे चेहरे पत्रा कापावा तसे कापलेले आहेत; शेजारी सोबती मरून पडला आहे आणि तरीही माणूस कुठे संपतो व बंदूक कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही. युद्ध माणसाचे काय करते, ते तिथे आकारच सांगतात. पालथी प्रेते काढून प्रेक्षकाला हेलावणे त्यामानाने सोपे, कारण निम्मे काम विषयच करतो. शिवाय ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ गाजले ते सेन्सॉरच्या बंदीमुळे. मार्च १९१८ मध्ये लंडनच्या लेस्टर गॅलरीत त्याने ते टांगले, वर तपकिरी कागदाची आडवी पट्टी लावून तीवर ‘सेन्सॉर्ड’ असे लिहिले आणि युद्धखात्याने चित्र लावल्याबद्दल व तो शब्द वापरल्याबद्दलही त्याला समज दिली.

धागाकर्ता :
बंदीमुळे गाजले, हे मान्य. पण ‘ला मित्राय्यूज’ १९१६ मध्ये लंडनमध्ये राजरोस लागले होते. अधिकाऱ्यांना कोनांतले युद्ध खुपले नाही. आपलेच सैनिक मेलेले दिसले, ते खुपले. साधेपणाची ताकद यातच आहे.

दुसरा प्रतिसाद :
दोघेही शैली कायमची सुटली असे गृहीत धरत आहात. युद्धानंतर न्यूयॉर्कला गेल्यावर त्याने उंच इमारतींमधून धावणारा रेल्वेमार्ग रंगवला, तो पुन्हा त्याच धारदार कोनांत. १९२० मध्ये हे चित्र ‘न्यूयॉर्क : ॲन ॲब्स्ट्रॅक्शन’ म्हणून प्रदर्शित झाले आणि पुढे त्याचे नाव ‘द सोल ऑफ द सोललेस सिटी’ असे झाले. शहराला कोन आणि प्रेतांना साधी रेषा, ही निवड तो विषय पाहून करत होता.

पहिला प्रतिसादक :
निवड होती, हे मानतो. त्या निवडीतले सरस चित्र मात्र मी अजूनही १९१५ चेच मानतो.