एका दिवसाच्या ट्रेकला पाठीवर ओझं किती घ्यायचं?

गिरिवाट:
गेल्या रविवारी गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड केला. आम्ही सोळा जण. मुक्काम नव्हता, तरी चौघांकडे पन्नास लिटरच्या सॅक. शेवटच्या कातळावर रेलिंग धरून चढताना एका मुलाला त्याची सॅक सारखी मागे ओढत होती. चोर दरवाजात वाकून शिरावं लागतं, तिथे ती वर अडकली आणि खाली सगळी रांग खोळंबली. आत होतं काय? जीन्स, दोन टीशर्ट, टॉवेल, स्पीकर, भलामोठा स्टीलचा डबा. पाणी मात्र एकच लिटर!

माझं म्हणणं असं की एका दिवसाला वीस लिटरची सॅक भरपूर झाली आणि पाण्यासकट वजन पाच किलोच्या आत हवं. तीन लिटर पाण्याचे तीन किलो. उरलेल्या दोनात डबा, टोपी, विंडचीटर, मोबाइल. 'लागलं तर असू दे' म्हणून भरलेलं सामान बहुतेक वेळा तसंच घरी परत येतं.

टेकडीवाली:
'लागलं तर'वाल्या सामानालाच कात्री लावू नका, दादा. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही सात जण कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडाकडे निघालो, तेही दुपारी एकला. एकामागून एक टेकड्या, वाटेत पाण्याचा थेंब नाही. सहाला सूर्य मावळला तेव्हा आम्ही अजून वरच होतो. घसाऱ्यावरून उतरताना मैत्रिणीचा घोटा मुरगळला. सात जणांत टॉर्च एक. बाकीच्यांचे मोबाइल दिवसभर फोटो काढून संपत आलेले. तासाभराची वाट उतरायला तीन तास लागले. त्या रात्री तिच्या डोळ्यांत जी भीती पाहिली ती मी विसरलेले नाही.

हेडटॉर्च, क्रेप बँडेज, ओआरएसची दोन पाकिटं, शिट्टी. सगळं मिळून अर्धा किलोही भरत नाही. एरवी घरी परत येतं, येऊ द्या की.

मावळा_कोथरूड:
गिरिवाट यांच्याशी सहमत. आणि तीन लिटर तरी कशाला? सुट्टीच्या दिवशी गडावर ताक, सरबत मिळतं. दीड लिटर पुरतं.

टेकडीवाली:
सिंहगडावर मिळेल हो. मधल्या वारी आडवाटेच्या डोंगरावर कोण ताक घेऊन बसलंय? आणि टाक्यातलं पाणी उन्हाळ्यात कुठे आटलेलं, कुठे शेवाळलेलं. पाण्यात काटकसर नकोच.

पाऊसवेडा:
पावसाळ्याचं कुणी बोललंच नाही. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीच्या बाजूने पाणी झिरपतंच. सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा. जीन्स घालून तर येऊच नका, भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही. कोरडे कपडे खाली गाडीत ठेवावेत, वर नेऊ नयेत.

एसटीप्रेमी:
गाडी कुणाकडे? आम्ही स्वारगेटहून लाल डब्याने वेल्ह्याला जातो. कोरडा टीशर्ट पाठीवरूनच न्यावा लागतो. ओल्या अंगाने खिडकीत बसून दोन तास परत या, मग कळेल. ज्यांना वाहन आहे त्यांचा नियम सगळ्यांना लावू नका. कचऱ्याची पिशवीही यादीत हवी. वजन शून्य, आणि तीच सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते.

गिरिवाट:
टॉर्च आणि टीशर्ट मान्य. सकाळी निघून दुपारी उतरणार म्हणून मी टॉर्च धरलीच नव्हती, ते चुकलं. पण औषधं प्रत्येकाने का न्यायची? सोळा जणांत एक पेटी पुरे, ती लीडरकडे.

टेकडीवाली:
लीडर सगळ्यात पुढे असतो आणि लागतं ते मागे रेंगाळलेल्याला. पेटी शेवटच्या माणसाकडे हवी. ज्याचं रोजचं औषध किंवा इन्हेलर आहे, त्याने ते स्वतःच्या खिशात ठेवावं. बायकांनी पॅड आपापले घ्यावेत, तारीख लांब असली तरी. मुलांच्या ग्रुपमध्ये एकटी मुलगी असते, ती मागायला संकोचते आणि दिवसभर अवघडून चालते.

गिरिवाट:
पेटी शेवटच्याकडे, हे पटलं. पुढच्या वेळी तसंच करू. पाच किलोवर मात्र मी ठाम आहे. आकडा दिला नाही तर नवी मुलं ऐकत नाहीत.

टेकडीवाली:
आणि आकडा दिला की ती पाण्यातच कपात करतात. तुमच्या त्या मुलाने स्पीकर ठेवून पाणी कमी केलं, तसंच. वजन करायचंच असेल तर पाणी बाजूला ठेवून करा. मार्च ते मे मी चार लिटर घेते. चढताना सॅक साडेसहा किलोची असते, उतरताना अडीचचीही राहत नाही.