मदत हवी आहे: ई-डारमध्ये (रस्ते अपघातांची नोंद करण्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत) अपघातस्थळाचं लोकेशन कसं दुरुस्त करायचं?

घाटात रेंज नसते. नोंद पोलीस ठाण्यात येऊन भरली की ॲप ठाण्याचेच अक्षांश-रेखांश उचलतं. पंचनाम्यात घाटातला किलोमीटर दगड आणि नकाशावर ठिपका ठाण्याच्या दारात! वाहन क्रमांकावरून गाडीची माहिती नीट येते, अडचण फक्त ठिकाणाची आहे. पण तीच महत्त्वाची. 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत 5 गंभीर वा प्राणांतिक अपघात झाले की ती जागा ब्लॅक स्पॉट, म्हणजे अपघातप्रवण ठिकाण ठरते. ठिपका हलला की धोक्याचं वळण यादीतून सुटतं.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत द्यायचा असल्याने नोंद अडवून ठेवता येत नाही. सबमिट झाल्यावर लोकेशन कोणत्या लॉगिनमधून बदलतं, तपास अधिकाऱ्याच्या की ठाणे प्रभारींच्या? रेंजशिवायही जीपीएस चालतं, मग जागेवरच्या जिओटॅग फोटोतले अक्षांश-रेखांशाचे आकडे नंतर हाताने भरलेले चालतात का?