सर आली, सर आले, सर केला

माझ्या नातीनं निबंधात लिहिलं, ‘दुपारी पावसाचे सर आले.’ बाईंनी ‘सर’भोवती लाल गोल केला आणि समासात ‘लिंग?’ एवढंच लिहिलं. घरी येऊन ती मला विचारते, ‘आजी, शाळेतले सर आले चालतं, मग पावसाचे का नाही?’

प्रश्न मला फार आवडला. आम्ही नागपूरकर दिवसभर मराठी-हिंदीच्या ये-जा करणाऱ्या वाटेवर असतो. रिक्षावाला ‘कहाँ जाना सर?’ म्हणतो, घरी कुणाचं तरी ‘सर दुखतंय’ असं अर्धं हिंदी कानावर येतं. त्या पोरीनं एका आठवड्यात हा शब्द चार अर्थांनी ऐकला असणार.

आधी मराठीतलं बघू, कारण इथे लिंगच अर्थ सांगतं. पावसाची ती सर, अनेकवचन सरी. मोत्यांचा तो सर, म्हणजे माळेचा एक पदर. दोन असले तरी ‘दोन सर’च. संस्कृतात दोरी या अर्थाचा ‘सर’ आहेच. गळ्यातली सरी वेगळी, शेतातली वरंब्याशेजारची सरी आणखी वेगळी. ‘आईच्या हातच्या भाकरीची सर कशाला येणार?’ यातली सर पुन्हा स्त्रीलिंगी, अर्थ बरोबरी. सारखा हा शब्द संस्कृत ‘सदृक्ष’ आणि प्राकृत ‘सारिक्ख’ यांच्यामार्गे आला. ही सर मला त्याच घरातली वाटते. आणि शाळेतले ते सर, नेहमी आदरार्थी बहुवचनात. म्हणून पावसाची ‘आली’, शिक्षक ‘आले’. नातीला एवढ्यानं पटलं. मला नाही.

कारण माझ्या शेजारचे काका ठामपणे सांगतात की शाळेतले ‘सर’ म्हणजे ‘सरकार’चं लघुरूप, आणि सरदार, सरपंच, सरहद्द हे सगळं त्यातलंच. ऐकायला पटतं, पण तसं नाही. सरकार, सरदार यांतला सर फारसी आहे, अर्थ डोकं. सर अधिक कार म्हणजे कामाचा मुख्य. सरहद्द म्हणजे हद्दीचं टोक. गड सर करणं, शिखर सर करणं यातलाही सर फारसीच.

शाळेतले सर मात्र इंग्रजीतून आले, आणि त्या शब्दाच्या मुळाशी डोकं नाही, वय आहे. लॅटिन ‘सेनिऑर’ म्हणजे अधिक वयाचा. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये ‘सीर’ (sire) झालं, त्याचं इंग्रजीत ‘सर’. म्हणजे कॉलेजातला ‘सिनियर’ आणि वर्गावर येणारे ‘सर’ एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. फ्रेंच ‘मस्यू’ आणि स्पॅनिश ‘सेन्योर’ही तिथलेच. गंमत अशी की या लॅटिन शब्दाचा संस्कृत भाऊ ‘सन’, म्हणजे जुना. आपल्या ‘सनातन’मध्ये तो बसलेला आहे.

वापरही बघा कसा उलटा झालाय. इंग्रजी किताब नावाआधी लागतो, आणि तोही पहिल्या नावाला. १९२३ साली सुरू झालेल्या नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. इंग्रजी रीतीनं त्यांना ‘सर बिपिन’ म्हणायचं, ‘सर बोस’ नाही. आपण मात्र आडनावामागे लावतो: देशपांडे सर, वानखेडे सर. मास्तर आणि गुरुजी मागे पडले तेव्हा सर त्यांच्याच जागेवर, नावाच्या मागे, येऊन बसले. शब्द परका, व्याकरण पूर्ण आपलं.

हिब्रूत ‘सर’ म्हणजे मंत्री. फारसी डोकं, इंग्रजी वडीलधारा, हिब्रू मंत्री: तिघांनाही मान, आणि तिघांत रक्ताचं नातं नाही. नुसत्या आवाजावर भरवसा ठेवणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं. हंगेरियनमध्ये तर ‘शार’ म्हणजे चिखल.

मग नातं कुठे आहे? जिथे आपण शोधत नाही तिथे. फारसी ‘सर’ आणि संस्कृत ‘शिर’ हे सख्खे भाऊ आहेत. संस्कृतात ‘श’ असतो तिथे इराणी भाषांत ‘स’ येतो: श्वेत आणि सफेद, शत आणि सदी, शिर आणि सर. आणि मराठी माणसानं व्युत्पत्ती न शिकता हे ओळखलं! फारसीत ‘सरपेच’ होता, आपण त्याचा ‘शिरपेच’ केला. ‘सररिश्ता’ म्हणजे धाग्याचं टोक, त्याचा आपल्याकडे ‘शिरस्ता’ झाला आणि कचेरीत ‘शिरस्तेदार’ बसला. सरदाराचा शिरदार मात्र कुणी केला नाही. का, ते कुणी सांगू शकेल का?

—

ताई, तुमच्या यादीत ‘शिरजोर’ घाला. फारसी ‘सरजोर’च तो. ‘चोर तो चोर, वर शिरजोर’ म्हणताना कुणाला फारसी आठवतं?

आणि आमच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीतला सर राहिला. ‘तेल सरलं बाप्पा, दुकानातून घेऊन ये.’ पुण्याकडे तेल संपतं, आमच्याकडे सरतं. दिवस सरतो, रांगेत माणूस पुढे सरतो. ‘सृ’ म्हणजे सरकणं, वाहणं. संस्कृत ‘सरस्’ म्हणजे तळंही त्याच धातूचं, त्यावरून सरोवर आणि अमृतसर.

सरदाराबद्दल मला वाटतं ते असं. शिरपेच डोक्यावर दिसतो, शिरजोर माणूस डोकं वर काढतो. तिथे शिर डोळ्यांपुढे येतं. सरदारात डोकं दिसत नाही, हुद्दा दिसतो.

—

शिरजोर माझ्या लक्षातच आला नव्हता, आभार. शिरस्त्यात मात्र डोकं दिसत नाही, तरी तो बदलला, त्यामुळे तुमचं कारण मला अर्धंच पटलं.

हुद्द्यावरून एक आठवलं. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा सैन्याच्या प्रमुखाचा फारसी ‘सरनौबत’ काढून ‘सेनापती’ आणला. पुढे आपणच त्या सेनापतीच्या डोक्यावर फारसी ‘सर’ परत ठेवला आणि ‘सरसेनापती’ केला. ‘शिरसेनापती’ कुणाच्या जिभेवर आला नाही. म्हणजे हुद्द्याला सर आणि अंगाला शिर, ही तुमची वाटणी इथे तरी टिकते. शिरस्तेदाराचं काय करायचं, ते अजून सुटलेलं नाही.