एचआयव्ही आणि डिप्रेशन: पैसा संशोधक घडवायला द्यायचा की काउन्सेलरला?

निशाचर: मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या तिकडच्या सरकारी संस्थेने, परदेशी संस्थांची सब-अवॉर्ड्स (अमेरिकन ग्रँटमधून परदेशी भागीदाराला मिळणारा वाटा) थांबवली, नवी पद्धत येईपर्यंत म्हणे. एनआयएचचंच फोगार्टी सेंटर १९८८ पासून बाहेरच्या देशातल्या एड्स संशोधकांना ट्रेनिंग देतंय, आपल्याकडचेही त्यातून शिकले, पण दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस? एचआयव्ही आणि मानसिक आरोग्य यावर काम करणारी पोरं घडवायला आयसीएमआरने, म्हणजे आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, वेगळा पैसा ठेवावा. मेंटरलाही. तिकडे एनआयएचच्या के-२४ ग्रँटमध्ये मिड-करिअर डॉक्टर-संशोधकाच्या पगाराचा काही भाग मिळतो, म्हणजे त्याला ओपीडीतून शिकवायला वेळ काढता येतो. आपल्याकडे गाईड म्हणजे थीसिसवर सही करणारा माणूस.

चहाबिस्कीट: एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या सरकारी केंद्रात, एकदा जाऊन बघा हो. काउन्सेलर कंत्राटी, बाहेर रांग, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, डोस चुकला का विचारायचं, रजिस्टर भरायचं, पुढचा. झोप लागते का, घरी कुणाला सांगितलंय का, हे विचारणार कधी? आधी तिथे माणसं द्या. पेपर छापून कुणाचं डिप्रेशन गेलंय?

मडगावची मावशी: पण त्या माणसांनी नेमकं बोलायचं काय, हे कोण ठरवणार? आमच्या गोव्यात संगाथ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या लोकांना शिकवून समुपदेशन करून घेतलं, मानस ट्रायल, लॅन्सेट २०१०. सरकारी केंद्रांत फायदा दिसला, खाजगी दवाखान्यांत नाही. हे ट्रायल केल्याशिवाय कळलं असतं का? झिम्बाब्वेत, हरारेला, मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडांनी आज्यांना शिकवून बाकावर बसून तेच करून घेतलं, त्यांच्या पेशंटमध्ये एचआयव्हीवाले भरपूर होते. आणि एफाव्हिरेंझ या एचआयव्हीच्या गोळीने घाणेरडी स्वप्नं पडायची, ते ‘मनाचे खेळ’ नव्हते हेही कुणीतरी नीट मोजलंच ना.

चहाबिस्कीट: संगाथचं मान्य. पण ट्रेनिंग घेऊन बाहेरच राहिलेल्यांचं काय? जनतेचा पैसा देताय तर बॉन्ड घ्या.

निशाचर: बॉन्ड घ्या की, पण परत येणाऱ्याला जागा कुठाय? दोन वर्षांचा प्रोजेक्ट, मग दुसरा, मग माणूस कंटाळून फार्मा कंपनीत. त्यापेक्षा फेलोला (फेलोशिपवर शिकणाऱ्या संशोधकाला) आठवड्यातून एक दिवस एआरटी सेंटरवर बसायची अट घाला.

चहाबिस्कीट: एका दिवसाने रजिस्टर पण भरून होत नाही. काउन्सेलरच्या रिकाम्या जागा भरा, मग फेलोशिपचं बोलू.