प्रति: 'नॅनो इंजेक्शन घेतलं की तीन दिवस दुखतच नाही'

ऑपरेशननंतरच्या दुखण्याबद्दल वरच्या प्रतिसादातलं हे 'तीन दिवस दुखतच नाही' जरा जास्तच झालं. मागच्या वर्षी इथे इंदूरला आईचा गुडघा बदलला. संध्याकाळी मजेत होती, 'रामबागेतून भाजी आण' म्हणून मलाच पिटाळत होती. रात्री दोनला बधीरपणा उतरला आणि मग सकाळपर्यंत कोणीच झोपलं नाही. साध्या ब्युपिव्हाकेनचं, म्हणजे बधीर करायच्या नेहमीच्या औषधाचं, असंच असतं, काही तासांत खेळ संपतो. म्हणून तर औषध जास्त वेळ टिकवण्याचा हा खटाटोप.

तुम्ही म्हणताय ते बहुधा लायपोसोमल ब्युपिव्हाकेन, म्हणजे एक्स्पारेल. अमेरिकेत २०११ साली मंजुरी मिळाली. औषध तेच जुनं, फक्त मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेलं. गोळीच्या आत डाळिंबासारखे कप्पे. भिंती हळूहळू विरतात तसं औषध झिरपतं. गंमत म्हणजे हे 'नॅनो' नाहीच! नॅनो म्हणजे ढोबळमानाने १०० नॅनोमीटरच्या आतलं. या गोळ्या वीस-तीस मायक्रोमीटरच्या, शेकडो पट मोठ्या. आणि त्याच जागी आधी लिग्नोकेन (बधीर करणारं दुसरं औषध) टोचलं असेल तर लगेच हे देत नाहीत, कारण मग औषध एकदम बाहेर पडू शकतं.

उपयोग किती? २०२१ मध्ये 'अनेस्थेसिऑलॉजी' नियतकालिकात जुन्या चाचण्यांचे एकत्रित आढावे आले. साध्या ब्युपिव्हाकेनपेक्षा रुग्णाला जाणवेल असा फरक फारसा दिसला नाही. किंमत मात्र भरपूर जाणवते.

आईला शेवटी बर्फ, वेळेवर पॅरासिटामॉल आणि फिजिओथेरपीवाल्या ताईंचा दरारा कामी आला.