मदत हवी आहे: कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये फ्लू पसरतोय, सॅनिटायझर कोणता घ्यावा?

रेक्टरबाई: उद्या अकराच्या आत कोटेशन द्यायचंय, म्हणून थेट विचारते. पाच लिटरचे कॅन घ्यावेत की भिंतीवर बसवायचे डिस्पेन्सर? सोलापुरात फवारणीवाला कुणाच्या माहितीत आहे का? संमेलनाच्या आत "हे सगळं थांबलं पाहिजे" असा वरून निरोप आहे. कृपया काढे सुचवू नयेत.

जुळे_सोलापूरकर: हे सगळं म्हणजे काय? किती जण आजारी? ताप आहे की नुसती सर्दी? संमेलन कधी?

आजोबा५८: काढा नको म्हणालात तरी सांगतो. गवती चहा, आलं, चार मिरे, तुळस. आमच्या घरात तीन वर्षं कुणी शिंकलेलं नाही.

जुळे_सोलापूरकर: आजोबा, शिंक न येणं हाही आजारच असेल, दाखवून घ्या.

रेक्टरबाई: मुलींचं हॉस्टेल आहे, लिहिलं नव्हतं का? ६२ मुली, १७ आजारी, एका खोलीत चौघी. १०२ ताप, कोरडा खोकला, अंग ठणकतंय. डॉक्टर फ्लू म्हणाले. संमेलन शुक्रवारी. गड्ड्याच्या जत्रेला जाऊन आल्या आणि दोन दिवसांत सुरू झालं. आता सॅनिटायझरचं सांगा.

होम_मैदान: झालं, आला गड्डा मध्ये! सिद्धेश्वरांची यात्रा सगळं सोलापूर करतं, मग सगळं सोलापूर झोपलंय का? नंदीध्वजांच्या मिरवणुकीला मी लहानपणापासून जातो.

पेठेतला: आधी डेंगी तपासा. महापालिकेला फोन करून धूर मारून घ्या.

साधा_एमबीबीएस: धुराने डास मरतात, फ्लू नाही. आणि डेंगीत सहसा असा खोकला नसतो.
रेक्टरबाई, फवारणीचे पैसे वाचवा. फ्लू खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून जातो, आणि माणूस ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच तो वाटत फिरतो, पुढे पाच-सात दिवस. आजारी मुली एका बाजूच्या खोल्यांत हलवा. खिडक्या उघड्या. खाटांमध्ये अंतर, नाहीतर निदान एकीचं डोकं तिकडे, दुसरीचं इकडे. पॅरासिटामॉल न घेता २४ तास ताप आला नाही, की मगच वर्ग. कुणाला दमा, मधुमेह असेल तर आजच डॉक्टरांकडे न्या. ओसेल्टामिव्हीर हे फ्लूचं औषध द्यायचं तर पहिल्या ४८ तासांत चांगलं लागू पडतं. धाप, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं दिसलं तर वाट न बघता सिव्हिल. आणि मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणू देऊ नका, विषाणूला त्याचा काही फरक पडत नाही.
सॅनिटायझर घ्याच, पण ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोलचा. त्याआधी सांगा, बेसिनला साबण आहे का?

रेक्टरबाई: साबण मुली आपापला आणतात. पाणी टँकरचं, संध्याकाळी सहानंतर नळ बंद. ते सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला हवं का?

साधा_एमबीबीएस: मग रात्री जेवायच्या आधी हात कुठे धुतात?

लस_घ्या: सगळ्यांना लस टोचा, विषय संपला.

पेठेतला: मी टोचली होती, तरी झाला.

साधा_एमबीबीएस: तरी होऊ शकतो, पण सहसा जोर कमी असतो. मात्र लस लागू व्हायला साधारण दोन आठवडे जातात, शुक्रवारला तिचा उपयोग नाही. आपल्याकडे पावसाळ्यातही फ्लूची लाट येते, त्यासाठी जूनच्या आत विचार करा.

इतिहासप्रेमी: १९१८ची साथ मुंबई बंदरातून शिरली होती. देशात कोटीच्या वर माणसं गेली.

जुळे_सोलापूरकर: बाईंना उद्या अकराला कोटेशन द्यायचंय.

टीवाय_बीएस्सी: मॅडम, आमच्याकडं मागच्या वर्षी हेच झालं. खरं कारण ७५ टक्के हजेरी आहे. प्रॅक्टिकल बुडलं की जर्नलवर सही नाही. मग काय, सकाळी गोळी खाऊन जायचं, दुसऱ्या तासाला घाम, चौथ्या तासाला परत हुडहुडी. मस्टरला दोऱ्यानं बांधलेलं एकच पेन, पोरं तोंडावर हात ठेवून खोकायलेत आणि त्याच हातानं सही करायलेत. सर्टिफिकेट आणा म्हणतात, त्याला दवाखान्यात तीनशे रुपये. कोण देतंय बे!

होम_मैदान: बघा, गड्डा निर्दोष.

रेक्टरबाई: हजेरी माझ्या हातात नाही.

साधा_एमबीबीएस: पण आजारी मुलींची यादी तुमच्या हातात आहे. ती सहीनिशी विभागप्रमुखांना द्या आणि सर्टिफिकेटऐवजी तीच धरा म्हणून लिहा. डिस्पेन्सरपेक्षा स्वस्त.

धुळप्पा_टॉवेल: हॉस्टेलसाठी चादरी, टॉवेल होलसेलमध्ये हवे असल्यास कळवा.

जुळे_सोलापूरकर: जाहिरात आहे, पण मुद्दा बरोबर. एक टॉवेल चौघी वापरतात का, तेही बघा.

रेक्टरबाई: खाली जाऊन पाहून आले. टॉवेल वेगळे आहेत. पण जिन्याखालच्या कूलरला साखळीने एक स्टीलचा पेला बांधलाय. आम्ही शिकत होतो तेव्हाही असाच असायचा, त्यामुळे कधी डोक्यातच आलं नाही. काठाला लिपस्टिकचे दोन वेगवेगळे रंग होते. शिपाईमामांनी पक्कड आणली, पेला काढला. मुलींना बाटल्या आणायला सांगितलंय. कोटेशनमध्ये आता ६ डझन साबण आणि रात्रीचा एक जादा टँकर टाकते, फवारणी काढली. यादी टाइप करतेय, १९ झाल्या.

आजोबा५८: टँकर आलाच आहे तर काढ्याचं पातेलं ठेवायला काय हरकत आहे?